रेणूचा डावा हात

फेब्रुवारी अर्धा सरला की नाशिकची हवा दिवसातून दोनदा कूस बदलते. सकाळी स्कूटरवरून निघताना स्वेटर लागतो आणि दुपारी तोच स्वेटर डिकीत कोंबून, तोंडाला ओढणी बांधून परतावं लागतं. द्राक्षांचे कॅरेट भरलेल्या पिकअप गाड्या घाईघाईने शहरातून जात असतात. आभाळात ढगाची एखादी चिंधी दिसली, तरी माझ्याकडे मुलांना घेऊन आलेले आईबाप बोलता बोलता खिडकीकडे बघतात. काढणीला आलेल्या बागेवर गारा पडल्या तर सगळं वर्ष अर्ध्या तासात मातीत जातं. माझी कुठे बाग नाही. तरी या दिवसांत मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. फाइल उघडते आणि तशीच मिटते. घरातले म्हणतात, हिला ऊन बाधतं. मी त्यांना तसं म्हणू देते.

मला बाधलाय तो एक जुना हंगाम.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर काम करते. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली ही मुलं. कुणाचे पाय चालताना एकमेकांत अडकतात, कुणाचा एक हात छातीशी आवळलेला राहतो. तो आवळलेला हात सगळ्यांना दिसतो. त्याच हातातलं आणखी काहीतरी हरवलेलं असू शकतं, ते मात्र कुणाला दिसत नाही. आपला हात कुठे आहे हे आपल्याला बघावं लागत नाही. अंधारात दिव्याचं बटण सापडतं, पाठीमागे वेणी घालता येते, गप्पा मारता मारता घास बरोबर तोंडात जातो. काही मुलांचं तसं नसतं. नजर हलली की त्यांचा हात त्यांच्यापुरता नाहीसा होतो. किती नाहीसा होतो, हे मोजणं माझ्या कामाचा एक भाग आहे.

त्यासाठी मी एक साधन तयार केलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. लाकडी चौकटीला लावलेला काळा पडदा, त्याच्यामागे उभी फळी आणि फळीवर शाळेतल्या कोनमापकावरून मोठं करून काढलेलं अर्धवर्तुळ. मूल दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून बसायचं. आखडलेला हात पडद्यामागे. मी तो सावकाश उचलून एका कोनात धरायची आणि मुलाने चांगल्या हाताने तसाच कोन करून दाखवायचा. जो हात धड हलत नाही त्यालाच 'दाखव' म्हटलं, तर त्याला कळलं नाही की त्याला करता आलं नाही, हे कसं ओळखणार? म्हणून प्रश्न एका हाताला विचारायचा आणि उत्तर दुसऱ्याकडून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. मुलं कंटाळतात, डोकावतात, आपल्याला बरं वाटावं म्हणून अंदाजाने काहीतरी सांगतात. तरीही आपण नीट मोजतो असं मला वाटायचं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच फेब्रुवारीत रेणू आली. वय नऊ, तिसरीत. निफाडच्या पुढच्या एका गावातून आईबरोबर एसटीने यायची. अंगाने किडकिडीत, बोलायला चुरचुरीत, आणि डावा हात मनगटात आत वळून पोटाशी धरलेला. त्या हाताच्या दोन बोटांवर टाक्यांचे ताजे वण होते. गावातल्या जीपमधून उतरताना रेणू खाली आली होती आणि हात दारातच राहिला होता. तिची आई मंदाताई हे सांगताना वैतागली होती. "हिचं ध्यानच नसतं मॅडम. हात हाय का नाय, हिला काय पडलेलंच नाय."

मंदाताई द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जायच्या. रेणूचे वडील दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर कांदा घेऊन लासलगावला जायचे. ऐन काढणीत कामाचा दिवस मोडून नाशिकला येणं सोपं नव्हतं, पण त्या दर गुरुवारी यायच्या, कारण त्या मोसमात त्यांना एक आशा लागली होती. शहरातल्या एका शल्यविशारदांनी रेणूला तपासून सांगितलं होतं की मनगटाच्या स्नायुबंधांची जागा बदलून हात सरळ करता येईल. तो हात पुढे वापरात येईल का, हे मात्र त्या हाताला स्वतःची जाणीव किती आहे यावर अवलंबून. त्यांनी मला चिठ्ठी पाठवली होती: तपासून कळवा.

पहिल्या दोन गुरुवारी रेणूची उत्तरं कशीही येत होती. मी हात उभा धरला तर ती आडवा दाखवायची. आडवा धरला तर थोडा वेळ विचार करून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "तुम्हीच सांगा ना." मी वहीत आकडे लिहिले आणि शेजारी लिहिलं, लक्ष कमी.

तिसऱ्या गुरुवारी ती हिरव्या बांगड्या घालून आली. गावच्या यात्रेत कासाराकडे भरल्या होत्या, दोन्ही हातांत. डाव्या हाताचा अंगठा आत मुडपलेला, त्यामुळे साबण लावून, बोटं दाबून, रडवून एकदाच्या चढवल्या होत्या. मंदाताईंनी तो हात माझ्यापुढे धरला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. तपासणीच्या वेळी हातात काही नसावं हा माझाच नियम होता. मी बांगड्यांकडे बघितलं, रेणूकडे बघितलं. काढायच्या तर फोडाव्या लागल्या असत्या. म्हटलं, राहू देत.

त्या दिवशी रेणूची उत्तरं जवळजवळ बरोबर आली. पुढच्या गुरुवारी त्याहून बरी. मध्यंतरी मी त्यांना घरी करायला काही व्यायाम दिले होते. मला वाटलं, त्यांचाच गुण. मी मंदाताईंना सांगितलं की तिला कळायला लागलंय. डॉक्टरांना तसं पत्र लिहिलं. त्यांनी तिसरीची परीक्षा संपल्यावर एप्रिलात शस्त्रक्रिया करू म्हणून कळवलं. मंदाताईंनी पुढच्या खेपेला माझ्यासाठी घोसाघोसाने द्राक्षं आणली. घरी आम्ही ती तीन दिवस खात होतो.

आता विचार करते तेव्हा वाटतं, ते तीन दिवस मी किती निवांत होते.

मार्चच्या मध्यावर आमच्या केंद्राशेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. दिवसभर धडधडत होती, खिडक्या हादरत होत्या, बंद दारातूनही धूळ आत येत होती. मी रेणूला पडद्यापुढे बसवलं. हात उचलला, कोनात धरला. तिने कसलाच ताळमेळ नसलेलं उत्तर दिलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मी म्हटलं, रेणू, लक्ष दे. ती रडवेली झाली आणि मोठ्याने म्हणाली, "मॅडम, आज ऐकूच येत नाय."

मी हात तसाच धरून राहिले. मग विचारलं, काय ऐकू येत नाही?

"बांगड्या." आणि मला समजत नाही असं बघून तिने उजव्या हाताने करून दाखवलं. हात वर गेला की बांगड्या कोपराकडे घसरतात, खाली आला की मनगटाकडे येतात, मधे असला की नुसत्या एकमेकींवर वाजतात. वर गेलेला आवाज वेगळा, खाली आलेला वेगळा. दोन आठवड्यांत ही नऊ वर्षांची मुलगी स्वतःचा हात ऐकायला शिकली होती. माझ्याकडून शाबासकी मिळते म्हणून आणखी कान लावून ऐकत होती.

मी तिच्या बांगड्यांभोवती हातरुमाल गुंडाळला, सेलोटेप लावली आणि तिच्या कानांत कापसाचे बोळे घालणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की त्याची गरज नाही. मला उत्तर कळलं होतं. मंदाताई बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईशी ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. मी बाहेर जाऊन सांगितलं, आज आवाजामुळे तपासणी होत नाही. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी नुसती फिरत होते. सकाळी गंगापूर रोडने चालत निघायची ती नदीपर्यंत जाऊन तशीच परत यायची. डॉक्टरांना फोन लावायची आणि एक रिंग वाजली की कापायची. पोळ्या लाटता लाटता थांबायची, डोळे मिटायची, हात हवेत कुठेतरी न्यायची आणि स्वतःला विचारायची, कुठे आहे? तो जिथे असायचा तिथेच असायचा. मला दरवेळी ते कळायचं, आणि दरवेळी त्याचा राग यायचा. वहीतला तो शेरा, लक्ष कमी, मी खोडला आणि खोडलेला दिसतो म्हणून आख्खं पान नव्याने लिहिलं. मग ते पानही फाडलं. चूक एका तपासणीची नव्हती. मुलीला बरं वाटावं म्हणून मी नियम मोडला असं स्वतःला सांगत होते. पण मलाही ते आकडे हवे होते. चांगले आकडे आले की आपल्या हाताला यश आहे असं वाटतं.

गुरुवार यायच्या आधीच मी स्कूटर काढली आणि निफाडच्या पुढे गेले. गावात विचारत विचारत बाग सापडली. वेलींखाली हिरवट सावली होती, मधूनमधून पक्ष्यांना भिववायच्या चमकत्या पट्ट्या फडफडत होत्या. आठदहा बाया ओळीने घड कापत होत्या. मंदाताई सगळ्यात पुढे. घडाला बोट लागलं तर मण्यांवरची पांढरी लव पुसली जाते आणि माल मागे पडतो, म्हणून देठाला धरून कापायचं, खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचा आणि घड कॅरेटमध्ये अलगद ठेवायचा. त्या माझ्याशी बोलत हे सगळं करत होत्या. कात्रीकडे बघतही नव्हत्या.

मी सगळं सांगितलं. बांगड्या, बोअरची गाडी, माझं पत्र. माझी चूक आहे हेही सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. दोन घड कापून झाले. मग त्यांनी कात्री कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "मला करून दाखवा."

मी म्हटलं, काय?

"रेणीला जे करता ते." त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात माझ्यापुढे केला.

वेलीखाली उभ्या उभ्या मी तो हात धरला. कोपरात थोडा वाकवला, थांबवला. त्यांनी उजवा हात लगेच तसाच केला. मी मनगट जरा बाहेर वळवलं, त्यांचं दुसरं मनगट वळलं. मी एक बोट उचललं, त्यांनी तेच बोट उचललं. शेजारच्या बाया हसायला लागल्या होत्या, त्यांना काहीतरी खेळ वाटला. मंदाताईंनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "हे तिला व्हत नाय?"

"नाही."

"कधीच?"

मी म्हटलं, बघितलं तर कळतं. न बघता नाही.

मग त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे न बघता कॅरेटकडे बघत म्हणाल्या, "दारात हात सापडला तव्हा मी तिला मारलं व्हतं. त्याच हातावर."

मी कॅरेटची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघींनी ते उचलून बांधावर नेऊन ठेवलं. तिथून परत येताना त्यांनी एवढंच विचारलं की ऑपरेशनचं आता काय. मी सांगितलं, मनगट सरळ होईल. पण हात आपोआप काम करायला लागेल ही आशा धरू नका. त्या म्हणाल्या, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू. माझ्यावर आता त्यांचा विश्वास कसा बसावा?

डॉक्टरांना मी दुसरं पत्र लिहिलं. ते रागावले नाहीत. पहिलं पत्र त्यांनी माझ्यादेखत फाइलमधून काढलं, आणि त्यांचं न रागावणंच मला जास्त लागलं. मंदाताई, रेणूचे वडील आणि मी त्यांच्यापुढे बसलो होतो. वडिलांना मी पहिल्यांदाच भेटत होते. लासलगावला रात्रीपासून रांगेत ट्रॅक्टर लावून ते तसेच आले होते, डोळे लाल, अंगाला कांद्याचा वास. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं. हात दिसायला सरळ होईल, धुवायला, पुसायला सोपा जाईल, दुखणं कमी होईल. वापराचं वचन देता येणार नाही. वडील म्हणाले, दिसायला नीट झाला तरी करा, उद्या लग्नाच्या वेळी प्रश्न नको. मंदाताई म्हणाल्या, वापरात येणार नसेल तर लेकराला कापायचं कशाला. दोघंही आवाज न चढवता बोलत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते.

रेणू खिडकीपाशी उभी होती. डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं आणि तुला काय वाटतं म्हणून विचारलं. इतक्या दिवसांत हे तिला मी विचारलं नव्हतं. तिने थोडा विचार केला.

"बाही घालता येईल का?"

डॉक्टरांना कळलं नाही. तिने सांगितलं की शाळेचा स्वेटर तिला घालता येत नाही. वळलेलं मनगट बाहीत अडकतं. आई एका बाजूने ओढते, आजी दुसऱ्या बाजूने, आणि तरी रोज उशीर होतो. म्हणून ती थंडीत एका हाताची बाही रिकामी सोडून जाते आणि वर्गातली पोरं ती बाही धरून तिला ओढतात.

"येईल," डॉक्टर म्हणाले. "बाही नक्की घालता येईल."

"मग करा," रेणू म्हणाली.

एप्रिलमध्ये ते झालं. प्लास्टर काढलं त्या दिवशी चाळीस अंशांच्या उन्हात मंदाताई तिचा स्वेटर पिशवीतून घेऊन आल्या होत्या. रेणूने तो आमच्या केंद्राच्या मधोमध उभं राहून घातला, स्वतः, एकदा बाहीकडे आणि एकदा हाताकडे बघत. घामाने डबडबली तरी काढायला तयार नव्हती. मी हसले, पण मला तिथे उभं राहवेना. काहीतरी आणायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले आणि खोलीत नुसती उभी राहिले.

त्यानंतर आम्ही वर्षभर एकच गोष्ट शिकलो, बघायला. उतरण्याआधी हात बघायचा. दार लावण्याआधी हात बघायचा. वहीवर ठेवलास का, बघ. निसटला का, बघ. कानाने कळतं तोवर बांगड्यांचीही मदत घेतली, पण शाळेत बांगड्या चालत नव्हत्या आणि पोरींच्या गलक्यात ऐकूही येत नव्हत्या. रेणू शिकली. पोळी धरायला, वही दाबून ठेवायला तो हात हळूहळू उपयोगी पडू लागला, फक्त तिची नजर त्याच्यावर असेपर्यंत. हे यश होतं की नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. पुढे त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. मी दरवर्षी फेब्रुवारीत त्यांना फोन करायचं ठरवायची आणि करायची नाही.

आजही मी तोच पडदा वापरते. मुलांचे हात मोकळे आहेत ना, हे दोनदा तपासते. घड्याळ, दोरा, कडं, सगळं काढून ठेवायला लावते, आणि कुणाचं उत्तर फार छान आलं की तीच तपासणी पुन्हा करते. खिडकी बंद करते. पंखा बंद करते. ऊन हातावर पडत असेल तर टेबल सरकवते. मुलांना वाटत असेल, या बाईला स्वस्थता म्हणून नाही.

गेल्या आठवड्यात रेणू आली. एकटी, एसटीने. मी आधी ओळखलंच नाही. उंच झालीय, दहावीला बसलीय. पूर्ण बाह्यांचा ड्रेस होता. म्हणाली, मला तुमचं पत्र पाहिजे. पूर्वपरीक्षेला पर्यवेक्षक नवीन होते. ती लिहिता लिहिता सारखी डाव्या मुठीकडे बघते असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी सगळ्या वर्गासमोर तिला मूठ उघडायला लावली. तिची बोटं आजही आत वळलेली असतात, चटकन उघडत नाहीत, म्हणून त्यांनीच ती एक एक करून उघडली. आत काही नव्हतं. पेपरातली दहा मिनिटं गेली. हे तिने जेवायला काय केलं होतं ते सांगावं तसं सांगितलं. सवलतीचे कागद तिच्याजवळ होते, पण हाताकडे का बघावं लागतं हे त्यात कुठेच नव्हतं.

मी पत्र लिहायला घेतलं. निदान, शस्त्रक्रिया, स्थितिसंवेदना, न्यूनता. तिने टेबलाच्या पलीकडून वाचलं आणि म्हणाली, "हे त्यांना कळायचं नाय. असं लिहा, हात कुठंय ते हिला बघूनच कळतं. बघू द्यावं." मी कागद बदलला आणि तेवढंच लिहिलं.

शिक्का शोधत होते तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच न बघता कळतं?"

मी म्हटलं, हो.

"मग कसं वाटतं ते?"

इतकी वर्षं मी हेच मोजत आले आहे. टेबलाखाली माझा हात गुडघ्यावर होता. मी डोळे मिटले नाहीत, पण त्याचा विचार केला. तो तिथे होता. बाकी काही नव्हतं. ऊब नाही, आवाज नाही, कुणी काही सांगत नव्हतं.

"काहीच वाटत नाही गं," मी म्हटलं.

रेणूने मान हलवली. पत्राची घडी घालताना डाव्या हाताकडे एकदा बघून तो कागदाच्या कडेवर ठेवला.

"मलापण तसंच होतं की," ती म्हणाली. "काहीच वाटत नाय."